लिस्टेड इमारतीशेजारी बांधताना: वाचकांचे प्रश्न

प्रश्न : इंग्लंडमधल्या आमच्या प्लॉटवर खाली दुकानं आणि वर १२ फ्लॅट बांधायचे आहेत. शेजारचा पब ग्रेड टू लिस्टेड, म्हणजे सरकारच्या संरक्षित वारसा-इमारतींच्या यादीतला, आहे. आम्ही त्याला हातही लावणार नाही, तरी कौन्सिल हेरिटेज अहवाल का मागते?

हात लावणार नसाल तर लिस्टेड बिल्डिंग कन्सेंट, म्हणजे अशा इमारतीत फेरफार करण्याची वेगळी परवानगी, लागत नाही, एवढंच. तुमच्या बांधकामाला प्लॅनिंग परमिशन देताना मात्र लिस्टेड इमारतींच्या १९९०च्या कायद्याच्या कलम ६६ प्रमाणे ती इमारत आणि तिचं ‘सेटिंग’, म्हणजे ती ज्या परिसरात उभी आहे तो, जपण्याकडे कौन्सिलला खास लक्ष द्यावंच लागतं. बार्नवेल मॅनरच्या खटल्यात २०१४ साली कोर्ट ऑफ अपीलने बजावलं की हानी कमी असली तरी तिला भरीव वजन द्यायचं.

त्यामुळे अहवालात पबचा इतिहास उतरवून काढून भागत नाही. रस्त्याच्या दोन्ही टोकांना उभे राहा. पबची धुराडी आज आकाशावर मोकळी दिसतात का? तुमचा चौथा मजला त्यांच्यामागे कुठे येतो? त्याच जागांवरून काढलेल्या फोटोंवर तुमच्या इमारतीची बाह्यरेषा आखून दाखवा. अधिकारी आधी तेच उघडतात.

आणि सीमेवरची जुनी भिंत तपासा. ती पबच्या आवारातली आणि १ जुलै १९४८ पूर्वीची असेल, तर तीही बहुधा लिस्टेडच धरली जाते. कचऱ्याच्या डब्यांसाठी तिच्यात कन्सेंटशिवाय दार पाडलंत, तर तो फौजदारी गुन्हा ठरू शकतो.

प्रश्न : आर्किटेक्ट म्हणतात, पबसारख्याच विटा आणि कमानी लावल्या की काम झालं.

नाही. उंची, छताची रेषा आणि रस्त्यापासूनचं अंतर चुकलं तर कमानी काय कामाच्या? माझं मत विचाराल तर साधी, नव्या काळाची इमारत नकलेपेक्षा बरी.

प्रश्न : थोडी हानी होणारच. मग अर्ज बुडाला का?

बुडत नाही. हानी ‘सबस्टॅन्शियल’ (गंभीर) पातळीपेक्षा कमी असेल तर राष्ट्रीय धोरणानुसार ती सार्वजनिक फायद्यांशी तोलली जाते. तुमचा नफा त्यात मोजत नाहीत. घरं, त्यातही परवडणारी, आणि पडीक जागेचा वापर हे मोजतात. जे द्यायचं ते सेक्शन १०६ करारात, म्हणजे कौन्सिलशी होणाऱ्या कायदेशीर करारात, बांधून द्या. नुसत्या आश्वासनाला वजन नाही. पण आधी हानी कमी करा. वरचा मजला मागे घेतलात तर तोलायलाच कमी उरतं.

प्रश्न : निर्णय किती दिवसांत?

१० किंवा अधिक घरं म्हणजे ‘मेजर’ अर्ज, त्याची मुदत १३ आठवडे. बऱ्याचदा ती संमतीने वाढवली जाते. फी भरून प्री-ॲप, म्हणजे अर्जाआधीचा, सल्ला कौन्सिलकडून घ्या, आणि हेरिटेज अधिकाऱ्याला त्या बैठकीला बोलवायचा आग्रह धरा.

प्रश्न : पबमध्ये शनिवारी रात्री गाणी असतात. फ्लॅटवाले तक्रार करतील, मग?

हे तुम्ही आत्ता विचारलंत ते बरं झालं. धोरणातलं ‘एजंट ऑफ चेंज’ तत्त्व सांगतं की नव्याने येणाऱ्याने बंदोबस्त करायचा, आधीपासून असलेल्या पबने नव्हे. आवाजाची मोजणी शनिवारी रात्रीच करून घ्या, मंगळवारी दुपारी नको. बेडरूम पबच्या अंगणाच्या उलट बाजूला न्या. तळमजल्यावर कॅफे येणार असेल तर त्याच्या धुराची नळी कुठून वर जाते तेही नकाशात आत्ताच दाखवा. नाहीतर नंतर ती लिस्टेड छपराशेजारीच उगवते, आणि पुन्हा अर्ज करायची वेळ येते.