उजनीचे पाणी आणि भूगोलाचा तास

प्रश्न : सोलापुरातील महाविद्यालयात मी भूगोल शिकवते. विद्यार्थी टिपणे पाठ करतात, पण विषयात रमत नाहीत. काय करावे?
– एक प्राध्यापिका

उत्तर : व्याख्येऐवजी त्यांच्या जगण्यातल्या कोड्यापासून तासाची सुरुवात करावी. सोलापूर पर्जन्यछायेत, म्हणजे डोंगराआडच्या कमी पावसाच्या पट्ट्यात, असूनही, आणि इथे ढग फिरकलेले नसतानाही, भीमा नदीवरचे उजनी धरण कसे भरते, हे त्यांना विचारावे. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशांवर भीमेचा प्रवाह भीमाशंकरच्या उगमापर्यंत उलट दिशेने शोधताना मुळा-मुठा, इंद्रायणी, घोड या नद्या भेटतात आणि सह्याद्रीवरचा पाऊसच इथवर येतो, हे त्यांचे त्यांनाच उमगते. समोच्चरेषा, म्हणजे नकाशावर समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा, वाचण्याची गरज मग सांगावी लागत नाही. त्यानंतर कमी पावसाच्या या जिल्ह्यात ऊस का वाढला आणि मंगळवेढ्याच्या काळ्या, ओल धरणाऱ्या जमिनीत रब्बी ज्वारी का पिकते, यांवर त्यांना वाद घालू द्यावा. गावाकडून येणाऱ्या मुलांना घरच्या विहिरीची पाणीपातळी दरमहा नोंदवायला अवश्य सांगावे, कारण स्वतः मोजलेल्या आकड्यांविषयी त्यांना खरी आस्था वाटते. परीक्षेत मात्र या कामाला गुण हवेतच.