शटडाउन केलं तरी पंखा फिरतच राहतो, विंडोज पुन्हा टाकू का?

नको. निदान आज तरी नको.

तुमचं म्हणणं असं की शटडाउन दिल्यावर स्क्रीन काळी होते, पण पंखा आणि दिवे चालूच राहतात. रीस्टार्ट नीट होतं, बंद करायला मात्र दर वेळी पॉवर बटण दाबून धरावं लागतं. आणि कोणीतरी सांगितलंय, "फॉरमॅट मारून टाक." त्या कोणीतरीमुळेच मी उत्तर लिहायला बसलोय. आमच्या घरचा तो कोणीतरी म्हणजे माझा दादा.

माझ्याही संगणकाला नेमका हाच रोग होता. विंडोज 8 पासून फास्ट स्टार्टअप नावाचा प्रकार आला आहे. त्यात शटडाउन म्हणजे पूर्ण शटडाउन नसतं. तुमचे प्रोग्राम बंद होतात, पण विंडोजचा गाभा हायबरनेट होऊन डिस्कवर लिहिला जातो, म्हणजे पुढच्या वेळी लवकर उठता यावं. रीस्टार्टमध्ये ही चलाखी नसते. म्हणून रीस्टार्ट ठीक आणि शटडाउन अडतंय असं दिसलं की पहिला संशय यावर घ्यायचा. शिफ्ट दाबून ठेवून शटडाउनवर क्लिक करा, तेवढ्यापुरतं ते पूर्ण बंद होतं. त्याने काम झालं, तर कंट्रोल पॅनलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन फास्ट स्टार्टअपपुढची खूण कायमची काढून टाका. निम्म्या लोकांचा प्रश्न इथेच सुटावा.

माझा सुटला नाही. मग मी इव्हेंट व्ह्युअर, म्हणजे विंडोज स्वतःच्या कारभाराची नोंदवही दाखवतं तो प्रोग्राम, उघडला. त्यात विंडोज लॉग्जमधल्या सिस्टम विभागात 6006 क्रमांकाची नोंद शोधायची. ती असली की समजायचं, विंडोजने आपल्या सेवा आवरल्या, नोंदवही मिटली. पुढच्या वेळी सुरू केल्यावर 41 किंवा 6008 ही नोंद आली, तर आधीचं बंद होणं धड झालेलं नव्हतं. माझ्याकडे रोज रात्री 6006 होती आणि रोज सकाळी 41. याचा अर्थ सरळ होता. विंडोज निजानीज करून दारापर्यंत जात होतं, दिवा मालवणारा कोणीतरी चुकत होता. विंडोज 95 च्या काळी 'आता संगणक बंद करायला हरकत नाही' अशा अर्थाची पाटी स्क्रीनवर यायची आणि बटण आपण दाबायचो, आठवतंय? आवराआवर वेगळी आणि वीज तोडणं वेगळं. ही दोन कामं आजही वेगळीच आहेत, फक्त दुसरं आता मदरबोर्ड (आतला मुख्य बोर्ड) आणि पॉवर सप्लाय मिळून करतात.

हे सगळं मी दादाला दाखवलं. नोंदीसकट. तो म्हणाला, "एवढं वाचत बसण्यापेक्षा दोन तासांत नवीन विंडोज होतं." मी दुसऱ्या दिवशी बाहेर होतो. संध्याकाळी आलो तर नवीन विंडोज झालेलं होतं.

डेस्कटॉप आणि डी ड्राइव्ह त्याने जपून ठेवला होता, तेवढं खरं. पण मी भाषांतराची कामं करतो आणि माझा शब्दसंग्रह, सहा वर्षांत एकेक शब्द ठरवून भरलेला, युजरच्या लपलेल्या ॲपडेटा फोल्डरमध्ये, जिथे प्रोग्राम आपला माल ठेवतात तिथे, होता. ते फोल्डर असतं हेच दादाला ठाऊक नव्हतं. चूक माझीही, मी त्याची प्रत कुठेच ठेवली नव्हती. हे मी त्याच्यासमोर अजून कबूल केलेलं नाही.

रात्री कोऱ्या करकरीत विंडोजला शटडाउन दिलं. स्क्रीन काळी. पंखा चालू.

नंतर आठवड्याभराने उलगडा झाला, तोही अपघाताने. पंखा फिरतोय म्हणून वैतागून भिंतीवरचं बटण बंद केलं. पंखा थांबला, पण कीबोर्डचा दिवा मिणमिणतच राहिला. वीज तोडलेल्या संगणकाच्या कीबोर्डला वीज देतंय कोण? मागे यूएसबी हब होता, म्हणजे एका यूएसबी जागेवर अनेक वस्तू जोडायची पेटी, स्वतःचा वेगळा अडॅप्टर असलेला, वेगळ्या सॉकेटवर. तो केबलमधून उलटी वीज संगणकात ढकलत होता. यूएसबीच्या नियमांत याला मनाई आहे, पण स्वस्तातले हब बनवणारे तो नियम पाळतातच असं नाही. हबचा अडॅप्टर काढून तीन वेळा शटडाउन दिलं, तिन्ही वेळा चिडीचूप. अडॅप्टर लावून तीन वेळा दिलं, तिन्ही वेळा पंखा. हब टाकून दिला, विषय संपला.

संपला म्हणजे संगणकापुरता. दादा आजही म्हणतो, "फॉरमॅट केल्यानंतरच बंद व्हायला लागला ना?" तारखा बघितल्या तर खोटं नाही.

तेव्हा तुम्ही आज रात्री एवढंच करा. कीबोर्ड आणि माऊस सोडून मागचं सगळं उपसा, प्रिंटर, हब, बाहेरची डिस्क, सगळं. मग शिफ्ट दाबून शटडाउन. बंद झाला, तर एकेक वस्तू परत लावत जा, चोर सापडेल. सगळं काढूनही अडलाच, तर बोर्डच्या निर्मात्याच्या साइटवरून चिपसेटचे (बोर्डवरच्या मुख्य चिपांचे) ड्रायव्हर आणि बायोस, म्हणजे विंडोजच्याही आधी चालणारा बोर्डचा स्वतःचा प्रोग्राम, यांच्या नव्या आवृत्त्या बघा. फॉरमॅट मारणारे लोक याला कधी हात लावत नाहीत, कारण त्यात काय झालं ते वाचावं लागतं.

बटण दाबून धरल्याने नुकसान होतं का, हेही तुम्ही विचारलं होतं. साधारण 4 सेकंद धरलं की विंडोजला न विचारता वीज जाते. डिस्कचा दिवा शांत असेल तर सहसा निभावतं. अपडेट चालू असताना मात्र अजिबात करू नका.

आणि हो, हे सगळं मेजावरच्या संगणकाबद्दल आहे, लॅपटॉपची बॅटरी आतच असल्याने तिथे भिंतीवरच्या बटणाची युक्ती चालणार नाही. मी व्यवसायाने तंत्रज्ञही नाही. यातलं काहीही करण्याआधी ॲपडेटासकट सगळ्याची प्रत काढून ठेवा. बायोसला हात लावणार असाल तर मधे वीज जाणार नाही याची खात्री करून घ्या.

हबच निघाला तर खाली प्रतिक्रियेत जरूर लिहा. मला ती एका माणसाला दाखवायची आहे.