घरच्यांनी बोलणं टाकलं असेल तर

पोरी, तू येशूवर विश्वास ठेवलास आणि आई-वडिलांनी बोलणं टाकलं, म्हणून घर सोडू नकोस. संक्रांतीला सगळे सोलापुरात सिद्धेश्वराच्या गड्ड्याला, म्हणजे जत्रेला, निघतील, तेव्हा वाद नको. पूजेला बसणार नाही हे आधीच शांतपणे सांग, पण भोगीच्या भाकऱ्या थापायला आईआधी ऊठ. त्यांच्या देवाला नावं तर कधीच ठेवू नकोस. छळ सोसणाऱ्यांना येशूचा शिष्य पेत्र याने हेच लिहिलंय, आपल्या आशेचं कारण सौम्यतेनं सांगा. बायबलमधल्या त्याच्या पहिल्या पत्राचा तिसरा अध्याय वाच. कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती होण्याचा विधी, १८९५ चा, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९०० चा. मधल्या वर्षांत त्या दोघांनी किती सोसलं! रविवारची उपासना चुकवू नकोस, एकटं पडलं की मन खचतं. आणि कुणी हात उगारला तर गप्प बसायचं नाही. मध्यरात्र असली तरी मला फोन कर.