वाचकांचे प्रश्न : जुना फीडर, नवं मशीन

प्रश्न : शिरोली एमआयडीसीत माझं छोटं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. जुन्या सीओटू वेल्डिंग सेटचा रेक्टिफायर, म्हणजे करंट देणारं मशीन, जळाला, पण टॉर्चला तार पुरवणारा वायर फीडर ठणठणीत आहे. आता 400 अँपिअरचा सेकंडहँड वेल्डिंग इन्व्हर्टर घेतलाय. दोघांचे प्लग वेगळे. फीडरच्या प्लेटवर 42 व्होल्ट एसी लिहिलंय, मशीनच्या सॉकेटवर मात्र 24 व्होल्ट मिळतात. पिना जुळवून घेतल्या तर चालेल का?

उत्तर : फीडर चालेल, पण नुसत्या पिना जुळवून नाही. तुम्ही तो भंगारात घातला नाहीत याचा मला मनापासून आनंद झाला. मेन्टेनन्समध्ये माझी उमर गेली. त्या काळातल्या फीडरची मोटर आणि गिअर अजून पुष्कळ काम करतील.

आधी बघा, घेतलेलं मशीन मिगचंच, म्हणजे तारेच्या वेल्डिंगचंच आहे ना? नुसत्या रॉडची, म्हणजे आर्कची इन्व्हर्टर मशीनंही 400 अँपिअरमध्ये मिळतात. तुमचा फीडर तार एकाच वेगानं सोडतो. मिगचं मशीन व्होल्टेज धरून ठेवतं, त्यामुळे टॉर्च जरा वर गेली की करंट उतरतो, तार कमी वितळते आणि आर्क पुन्हा पूर्वीच्या लांबीवर येतो. रॉडचं मशीन करंट धरून ठेवतं, तिथे हे सावरणं होत नाही. तार एक तर जॉबवर ठोकरते, नाही तर मागे जळत जाऊन टॉर्चच्या टिपला चिकटते. तसलं मशीन निघालं तर ते परत करा, पुढचं वायरिंग करूच नका.

मिगचं असेल तर सप्लायचं बघू. मशीनचे 24 व्होल्ट या फीडरला देऊ नका. तार रेंगाळेल आणि आतला रिले धड ओढणार नाही. 230 ते 42 व्होल्टचा वेगळा कंट्रोल ट्रान्सफॉर्मर बसवा. प्लेटवरच्या अँपिअरला 42 नं गुणा आणि त्याहून मोठा घ्या. दोन्ही वाइंडिंग वेगळीच हवीत, ऑटो ट्रान्सफॉर्मर अजिबात नको. फ्यूज दोन्ही बाजूंना घाला.

खरी गोम ट्रिगरमध्ये, म्हणजे टॉर्चच्या खटक्यात आहे. जुन्या सेटमध्ये खटका दाबला की फीडरमधून कॉन्टॅक्टरकडे, म्हणजे मशीन चालू करणाऱ्या स्विचकडे, बऱ्याचदा 42 व्होल्टच जायचे. नव्या मशीनच्या कंट्रोल कार्डाला तिथे बहुतेक नुसता कोरडा कॉन्टॅक्ट, म्हणजे बाहेरचं व्होल्टेज नसलेला स्विच लागतो. व्होल्टेज गेलं तर कार्ड जाईल. फीडरला ट्रान्सफॉर्मर जोडा, खटका दाबून धरा आणि कॉन्टॅक्टरकडे जाणाऱ्या दोन वायरींवर मल्टिमीटर लावा. 42 दिसले तर 42 व्होल्ट एसी कॉइलचा रिले तिथे बसवा आणि त्याचा नॉर्मली ओपन (एरवी उघडा असणारा) कॉन्टॅक्ट मशीनच्या ट्रिगरच्या दोन पिनांना द्या. त्या पिना कोणत्या, हे मॅन्युअलमध्येच बघा, वायरच्या रंगावर जाऊ नका. गॅसचा व्हॉल्व्ह पूर्वीसारखा फीडरवरूनच चालेल. व्होल्टेजचा नॉब मशीनच्या पॅनेलवरचाच वापरा.

मशीन उघडावं लागलं तर घाई नको. 415 व्होल्टच्या थ्री-फेजवर आतल्या कपॅसिटरमध्ये जवळजवळ 580 व्होल्ट डीसी साठतात आणि मेन बंद केल्यावरही काही वेळ राहतात. मीटरनं मोजून मगच हात घाला.

आणखी एक तपासणी करायचीच आहे, कारण ती फार जण विसरतात. तार ढकलणारे रोलर ज्या प्लेटवर बसतात, तिच्यावर वेल्डिंगचं व्होल्टेज असतं. ती फीडरच्या बॉडीपासून फायबरच्या बुशनं वेगळी केलेली असते. वर्षानुवर्षांची धूळ आणि तारेचा चुरा त्या फटीत बसतो, बुश तडकतात, आणि मग वेल्डिंगचा करंट कंट्रोल केबलच्या बारीक अर्थिंगमधून वाट काढतो. ती केबल जळते. प्लेट आणि बॉडी यांच्यात मीटर लावा, सगळे केबल सोडवून. कंटिन्युइटी दिसली तर बुश बदला.

साध्या सॉलिड तारेला टॉर्च प्लसवर ठेवा. आणि सिलिंडरवरचा हीटर किती व्होल्टचा आहे, तेही वाचा. जुन्या सेटचा हीटर नव्या मशीनच्या 36 व्होल्टच्या सॉकेटवर चालेलच असं नाही, आणि हीटर तापला नाही तर रेग्युलेटर गोठून सीओटू अडतो.