उत्तम शेती म्हणणारे आजोबा आणि पुण्यातला नातू

प्रश्न : आमचं गाव तासगाव तालुक्यात. तीन एकर रान, त्यातली दीड एकर द्राक्षबाग. मुलगा पुण्यात आयटी कंपनीत आहे, सूनही तिथेच नोकरी करते. मुलाच्या मनात नोकरी सोडून बाग सांभाळायचं आहे. सासरे खूश आहेत. ‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी’ हे त्यांचं रोजचं वाक्य. आमच्या ह्यांचं म्हणणं, ‘हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये.’ दोघं आपापल्या म्हणीवर अडून बसतात आणि मुलगा मला विचारतो, ‘आई, तुझं काय म्हणणं?’ मी काय सांगू?
– एक आई

उत्तर : ताई, मी सांगली जिल्ह्यात बँकेत शेतीकर्जाच्या टेबलावर नोकरी केली. कर्जाची फाइल हातात घेऊन बागांच्या बांधावर उभी राहिलेली बाई आहे मी, त्यामुळे तुमच्या घरातलं हे भांडण मला चांगलं कळतं.

सासऱ्यांची म्हण खोटी नाही. ती रुजली त्या काळात बियाणं घरचं होतं, खत गोठ्यातलं होतं आणि नोकरी म्हणजे दुसऱ्याच्या दारातली चाकरी होती. ना फंड, ना पेन्शन. रानही मोठं होतं. १९७०-७१ च्या कृषिगणनेत महाराष्ट्रात एका खातेदाराकडे सरासरी ४.२८ हेक्टर जमीन होती. २०१५-१६ मध्ये ती १.३४ हेक्टरवर आली, म्हणजे साधारण सव्वातीन एकर. तुमच्याकडे आहे जवळपास तेवढीच.

शिवाय तुमची बाग ही नुसती शेती नाही, तो व्यापारसुद्धा आहे. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात फळछाटणी, त्यात औषधं, मजुरांची टोळी, सगळं रोखीनं. माल मात्र बऱ्याचदा उधारीवर जातो. व्यापारी पैसे बुडवून परागंदा झाला म्हणून हप्ता थकलेली माणसं माझ्या टेबलासमोर बसलेली आहेत. त्यांची शेती उत्तमच होती. बेदाणा करायचा म्हटलं तर चार किलो द्राक्षांचा जेमतेम एक किलो बेदाणा, तो कोल्ड स्टोरेजला ठेवायचा आणि भावाची वाट बघायची. तेवढे महिने घर कशावर चालणार? मुलाला औषधांचं वेळापत्रक कोणीही शिकवील. उधारी मागायला त्याची जीभ रेटते का आणि भाव पडलेला असताना त्याला थांबता येतं का, ते तुम्ही आई म्हणून मला सांगा.

आता तुमच्या ह्यांच्याबद्दल. बाग त्यांनीच सांभाळली असेल, तर २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरातला पाऊस ते विसरलेले नसणार. फुलोऱ्यातल्या बागा तेव्हा डोळ्यांदेखत कुजल्या. त्या वर्षी घरात किती आलं आणि किती गेलं, हे त्यांनी मुलाला कधी आकड्यात सांगितलंय का? माझा अनुभव असा, की बाप माणसं आकडा बोलत नाहीत, म्हण बोलतात. आकडा बोलला की तेव्हाची सगळी भीती परत वर येते. त्यांना गावातल्या पीककर्जाच्या सोसायटीचं पासबुक आणि औषधांच्या दुकानाची बिलं घेऊन मुलाशेजारी बसवा. ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत फेडलं तर व्याज पडत नाही, हे खरंच आहे. पण पीक गेलेल्या वर्षी वेळेत फेडणार कशातून, हे मुलानं वडिलांच्या तोंडून ऐकू दे.

सासऱ्यांनाही एकदा एकटं गाठून विचारा, ‘मामा, नातू नाही आला तर बागेचं काय व्हावं असं वाटतं?’ मला वाटतं, त्यांची काळजी शेती उत्तम की नोकरी कनिष्ठ ही नसावीच. आपल्यामागे द्राक्षाच्या मांडवाखाली कोण उभं राहणार, ही असावी. तसं असेल तर बाग विश्वासू माणसाला वाट्यानं देऊनही ती काळजी हलकी होऊ शकते. त्यासाठी कुणी राजीनामा द्यायलाच हवा असं नाही.

मुलाला सांगा, लगेच काही सोडू नकोस, ऑक्टोबरात ये. पुण्याची मुलं गावी येतात फेब्रुवारीत, घड गोड झालेले असतात तेव्हा. तेव्हा कोणालाही शेतकरी व्हावंसं वाटतं. छाटणीनंतरचे पहिले पन्नास-साठ दिवस त्यानं रजा घेऊन, बिनपगारी का होईना, बागेत काढावेत. रात्री पाऊस झाला की पहाटे डाऊनी या बुरशीरोगाच्या धास्तीनं ट्रॅक्टरवर फवारणीचा पंप जोडायचा, टोळी आली नाही म्हणून मुकादमाच्या दारात जायचं, हे सगळं त्याला करू द्या. हे तुम्ही किंवा ह्यांनी त्याच्यासाठी करू नका. एवढं करूनही तो मार्चमध्ये तेच म्हणाला, तर मी त्याच्या बाजूनं आहे आणि तुम्हीही असावं.

तुमच्या पत्रात सुनेविषयी एकच वाक्य आहे. तिची नोकरी पुण्यात आहे, तिच्याही आयुष्याचा हा निर्णय आहे, आणि तिला अजून कोणी विचारलेलं दिसत नाही. ऑक्टोबरची वाट न बघता या रविवारी तिला फोन करा. मुलगा शेजारी नसताना करा, म्हणजे ती मनातलं बोलेल.