‘नुपेक्षी’ म्हणजे अपेक्षा न करणारा?

पाचपाखाडीतल्या एका ताईंनी विचारलंय. त्यांची मुलगी तिसरीत आहे आणि सोसायटीत मनाच्या श्लोकांची पाठांतर स्पर्धा आहे. मुलांना वाटलेल्या कागदावर ‘नुपेक्षी कदा राम दासाभिमानी’ या चरणाचा अर्थ ‘राम आपल्या दासाकडून कधीच कसली अपेक्षा करत नाही’ असा छापलाय. आजी म्हणते हे चूक, आईला खात्री नाही, आणि मुलीला पाठ तर करायचंय. खरं काय?

आजीचं खरं. फोड न + उपेक्षी अशी आहे. अपेक्षेचा इथे काही संबंध नाही. तसं असतं तर ‘नापेक्षी’ झालं असतं. पुरावाही तिथेच आहे. हा चरण पालुपदासारखा ओळीने कित्येक श्लोकांच्या शेवटी येतो, आणि त्यातल्याच ३४व्या श्लोकाची सुरुवात ‘उपेक्षा कदा रामरूपी असेना’ अशी आहे. समर्थांनी स्वतःच फोड करून दिलीय म्हणा ना!

शाळेत संधी शिकलेल्यांना इथे शंका येईल. अ + उ = ओ, मग ‘नोपेक्षी’ का नाही? संस्कृतात तसंच झालं असतं. पण जुन्या मराठीत ‘न’मधला अ सरळ गळतो. नुरे, नुठे, नुमजे, नुपजे ही सगळी त्याच घरातली. शिवाय मनाचे श्लोक भुजंगप्रयात वृत्तात आहेत: लघु-गुरु-गुरु, असं चार वेळा. नु-पे-क्षी, क-दा-रा, म-दा-सा, भि-मा-नी. पहिलं अक्षर लघुच हवं, ‘नो’ तिथे बसतच नाही.

आता खुद्द ‘उपेक्षा’. ईक्ष् म्हणजे पाहणे. परीक्षा, प्रतीक्षा, निरीक्षण, समीक्षा आणि कागदावाल्यांना चकवणारी अपेक्षासुद्धा याच धातूची. उपेक्षा म्हणजे मुळात शेजारी उभं राहून नुसतं बघणं, काही न करणं. आपल्या रोजच्या मराठीत याला चोख शब्दप्रयोग आहे: बघ्याची भूमिका घेणे. दिवा स्थानकावरच्या लोकलप्रवाशांची उपेक्षा होते असं आपण म्हणतो, तेव्हा ते कोणाला दिसत नाहीत असं म्हणायचं नसतं. दिसतात, पण कोणी हलत नाही, अशी तक्रार असते. योगसूत्रांत मैत्री, करुणा, मुदिता यांच्या जोडीला हीच उपेक्षा गुण म्हणून येते, कारण दुसऱ्याच्या दुष्टपणाकडे साधकाने तटस्थपणे पाहावं अशी तिथे अपेक्षा आहे. साधकाला शोभणारी ही तटस्थता रामाच्या बाबतीत मात्र समर्थ साफ नाकारतात. त्यांचा स्वामी संकटात ‘उडी घालितो’ (श्लोक ३७).

म्हणून ‘राम विसरत नाही’ हा काही पुस्तकांतला अर्थ मला मिळमिळीत वाटतो. न विसरणं वेगळं आणि बघत न बसणं वेगळं.

‘दासाभिमानी’तला अभिमानही जरा जपून घ्या. आजच्यासारखा ‘मुलाचा अभिमान वाटतो’ मधला हा अभिमान नाही. हा माझा, असं म्हणून बाजू घेणारा, कैवारी, असा तो अर्थ. ‘नुपेक्षी’ हे क्रियापदही करी, धरी, बोले यांच्यासारखं: एकदा घडलेली गोष्ट ते सांगत नाही, सदाचा स्वभाव सांगतं. ३४व्या श्लोकात पुढे ‘शिरी भार वाहेन’ आहे, आणि ते वाचताना गीतेतलं (९.२२) ‘योगक्षेमं वहाम्यहम्’ आठवतंच. नसेल आठवत तर घरातली एलआयसीची पॉलिसी काढून बघा, ते त्यांचं ब्रीदवाक्य आहे. नाही ते मिळवून देणं हा योग, आहे ते राखणं हा क्षेम.

ताईंनी शेवटी हळूच एक जोडप्रश्न टाकलाय: उपेक्षा करत नाही, तर मग कधीकधी काहीच का घडत नाही? हा शब्दार्थाच्या पलीकडचा प्रश्न, पण एक शब्द दाखवता येईल. ३६व्या श्लोकात देव जवळच आहे असं सांगून लगेच म्हटलंय, ‘अल्प धारिष्ट पाहे’. हे ‘पाहे’ म्हणजे अजमावतो. आपण ‘अंत पाहू नकोस’ म्हणतो, त्यातलं. म्हणजे पाहणं आहे, पण बघ्याचं नाही. उशीर झाला म्हणजे उपेक्षा झाली असं नाही, असंच समर्थांना म्हणायचं असावं. ‘अल्प’ शब्दही हातचा सोडू नका, पुष्कळ धीर नव्हे, थोडासाच मागितलाय.

स्पर्धेपुरतं सांगायचं तर ‘नु’ ऱ्हस्व म्हणायला लावा. मुलं चालीच्या भरात ‘नूपेक्षी’ करतात आणि वृत्त मोडतं. श्वास ‘कदा’नंतर घेतलेला चालेल, ‘दासाभिमानी’ मात्र सलग यायला हवं. आणि तो कागद आयोजकांना दाखवा, बाकीच्या मुलांकडेही तोच गेलाय.