नाळेच्या रक्तातल्या स्टेम सेलपासून कुठलाही अवयव बनतो का? स्टेम सेलचे प्रकार कोणते?

नाही, कुठलाही नाही. नाळेतल्या (आणि अस्थिमज्जेतल्या) या मूळ पेशी, म्हणजे स्टेम सेल, मुख्यतः रक्ताच्या घराण्यातल्या. त्यांच्यापासून तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट्स तयार होतात. म्हणूनच ल्युकेमिया (रक्ताचा कर्करोग) आणि थॅलेसेमिया (रक्ताचा आनुवंशिक आजार) यांत त्यांचं प्रत्यारोपण होतं. गंमत अशी, की थॅलेसेमिया झालेल्या मुलाला स्वतःच्याच नाळेतलं रक्त उपयोगी पडत नाही, कारण जनुकातला दोष त्यातही असतोच. जुळणाऱ्या भावंडाचं चालतं. नाळेचं रक्त साठवणाऱ्या बँकेचे हप्ते भरण्याआधी एवढं ध्यानात ठेवा.

सगळ्यात हरहुन्नरी पेशी म्हणजे फलित अंडं. त्यातून बाळही घडतं आणि वारही (प्लॅसेंटा). पाचेक दिवसांच्या भ्रूणाच्या आतल्या पेशी शरीरातली कुठलीही पेशी होऊ शकतात, मेंदूची, हृदयाची, यकृताची. पण वार बनवणं सहसा त्यांना जमत नाही. माणसाच्या अशा पेशी १९९८ साली जेम्स थॉमसन यांनी प्रथम प्रयोगशाळेत वाढवल्या. या पेशी काढताना भ्रूण नष्ट होतो म्हणून वाद झाला. मग २००६ मध्ये जपानच्या शिन्या यामानाका यांनी उंदराच्या त्वचेतल्या साध्या पेशीत चार जनुकं घालून तिला पुन्हा भ्रूणावस्थेसारखं केलं! पुढच्याच वर्षी माणसाच्या पेशींवरही हे जमलं, २०१२ मध्ये यामानाकांना नोबेल मिळालं.

मज्जेत आणखी एक प्रकार असतो, मेझेन्कायमल; त्यापासून हाड, कूर्चा, चरबी. गुडघेदुखीपासून ऑटिझमपर्यंत सगळ्यावर 'स्टेम सेल थेरपी' अशा जाहिराती बहुतेक याच्याच जोरावर चालतात. त्यांच्यापासून चार हात लांब राहा.